ब्रेकवरचा पाय

माझ्या डाव्या पायावर आरोप झाला तो बारामतीतल्या एका गॅरेजमध्ये, आणि तोही माझ्याच वर्गात चौथी झालेल्या मुलाकडून. मुलगा म्हणायचं ते सवयीनं. आता त्याचे कल्ले पांढरे झालेत आणि ऑटोमॅटिक गाड्यांची नस त्यालाच कळते म्हणून पार इंदापूरपासून माणसं त्याच्याकडं गाड्या आणतात. त्यानं मला तोंडावर काही सांगितलं नाही. माझ्यासाठी खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, फडकंच ऑइलचं निघालं म्हणून खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, चहा सांगितला आणि माझ्या भाच्याला घेऊन गाडीच्या मागं गेला.

"बाईंचा डावा पाय ब्रेकवर ऱ्हातोय," तो हळूच म्हणाला. "त्यांना कळत नसंल."

अंगावरून वारं गेलं ते माझ्या पायाला भोवलं. कान दोन्ही शाबूत आहेत. मला सगळं ऐकू आलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या मुलाला मी 'पाय खाली सोडून नीट बस' म्हणून बाकावर दटावलं असेल, तो आज माझ्या पायाची कागाळी करत होता, आणि मी मांडीवर पर्स धरून त्या वर्तमानपत्रावर मुकाट बसले होते. चहा आला तो तसाच निवला.

पायाची हकिगत अशी. शाळेतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका सकाळी डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला. तोंड तर इतक्या लवकर सुधारलं की माझी भावजय म्हणाली, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तरी चाललं असतं. पाय मात्र पुरता परत आला नाही. चालते मी, जरा फरफटत. पण त्याला स्पर्श कळत नाही. चप्पल अंगणातच गळून पडते आणि मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ओट्यापर्यंत येते. खाली बघितल्यावर कळतं. लग्न मी केलं नाही. सणसरला धाकट्या भावाच्या घरात राहते, घर दोघांचंच आहे, पण त्या सकाळनंतर ते मला त्याचं वाटायला लागलं.

वर्षभर मला माणसांनी इकडून तिकडं नेलं. दवाखान्यात नेलं, लग्नात नेलं, मयतीला नेलं. प्रेमानंच नेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'आक्काला कुणी न्यायचं' हा प्रश्न दारात उभा राहिला की मला खाटेखाली जाऊन बसावंसं वाटायचं. मग भाच्यानं ही वापरलेली ऑटोमॅटिक गाडी शोधली. हिला क्लच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचं काम. डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं, आरटीओत साहेबांनी स्वतः शेजारी बसून फेरी मारायला लावली, आणि मी पास झाले. जगात अशी एक जागा मिळाली जिथं डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं आणि कुणी त्याला नावं ठेवायची नाहीत.

गाडी आल्यावर मी पिंपळीच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी बायकांचा वर्ग सुरू केला. खुरपणीला, ऊस बांधायला जाणाऱ्या बायका. कुणाला एसटीची पाटी वाचायची होती, कुणाला औषधाच्या गोळीचं नाव, एकीला फोनमध्ये सुनेचा नंबर आपला आपण शोधायचा होता. सणसरहून पिंपळी सरळ रस्त्यानं. मी एकटी जायचे आणि एकटी यायचे. हे 'एकटी' म्हणायला मला फार आवडायचं. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. म्हणजे जाताना झकास जायची आणि येताना रुसायची. पिंपळी सोडली की ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी त्या मानानं पुढं सरकायची नाही. गिअर बदलताना हिसका बसायचा. कारखाने सुरू झालेले, पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या. मला वाटलं त्यांच्या मागं रांगून रांगून गाडी वैतागली असेल. एका रविवारी घराच्या वळणावर करपल्याचा वास आला आणि समोर पिवळा दिवा लागला तो विझेना. दुसऱ्या दिवशी भाच्यानं आणि मी गाडी गॅरेजला नेली.

माझ्या विद्यार्थ्यानं स्टिअरिंगच्या खाली स्कॅनरची पिन खोचली आणि गाडीनं आपल्या तक्रारी पडद्यावर लिहून दिल्या. तीन कोड होते. एक म्हणत होता, गिअरबॉक्सचं ऑइल जास्त तापलंय. दुसरा, पी ०७४१, म्हणत होता की लॉक-अप धरत नाही. तिसरा ब्रेकच्या स्विचचा होता. लॉक-अप म्हणजे काय ते त्यानं मला नंतर फार चांगलं समजावलं: गाडीनं वेग घेतला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांचा हात घट्ट धरतात, ब्रेक दाबला की सोडतात, कारण आता थांबायचंय. ब्रेक दाबलेलाच राहिला तर ते हात धरतच नाहीत. मधलं ऑइल ताकासारखं घुसळत राहतं आणि तापतं.

कोड पडतो त्या क्षणी गाडीत काय काय चाललं होतं, तेही ते यंत्र जपून ठेवतं. त्यात होतं: गाडी भरवेगात, ॲक्सिलरेटर दाबलेला, ब्रेकही दाबलेला. दोन्ही एकाच वेळी. एका पायानं हे करता येत नाही. मग त्यानं भर दुपारी गाडी स्वतः चालवून आणली तर तिची काही कुरकुर नव्हती. म्हणजे गाडी ठीक, चालवणारी बिघडलेली. आणि ते कमी पडलं म्हणून भाचाही हळूच म्हणाला, "दोन-तीन रविवारांमागं मी कंपनीतून येताना तुझ्या मागंच होतो आत्या. पिंपळीपासून घरापर्यंत तुझा ब्रेक लाइट लागलेला होता. काचेतला वरचा. मी म्हटलं, बोलावं की नको."

बिचाऱ्यानं इतके दिवस पोटात ठेवलं होतं. तो खोटं बोलणारा नाही आणि यंत्राला माझ्याशी काय वैर असणार? मी खाली बघितलं. पाय चपलेत होता. जमिनीवर नीट ठेवलेला होता, पण तो तसा आहे हे मला बघूनच कळलं. हा पाय माझ्या नकळत ब्रेकवर जात नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? दुसऱ्या कुणाची ग्वाही देता येते. माझ्या स्वतःच्या पायाची मला देता येईना.

"असेल," मी म्हणाले.

गाडीची किल्ली मीच पर्समधून काढून भाच्याच्या हातावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. माझ्या विद्यार्थ्यानं ऑइल बदलून दिलं, कोड पुसले आणि मला हात धरून गाडीत बसवलं, मागच्या सीटवर.

घरी भाऊ ओट्यावर होता. त्याला भाच्यानं सांगितलं. तो चिडला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण तो माझ्याजवळ येऊन बसला आणि इतक्या मायेनं बोलला की मला त्याचा राग आला.

"आक्का, ऱ्हाऊ दी आता गाडी. कुणी कारटं आडवं आलं तर जल्मभर डोक्याला घोर. मी हाय की न्यायला. कुठं जायचं ते सांगत जा फकस्त."

"व्हय," मी म्हणाले. मी एरवी घरातही पुस्तकी बोलते, त्यावरून मला सगळे चिडवतात. त्या दिवशी गावचंच तोंडात आलं.

तो म्हणाला त्या कारट्याचंच रात्रंदिवस मनात यायला लागलं. वर्गातल्या म्हाताऱ्या बायकांना मी कितीदा त्यांच्या वस्तीच्या फाट्यापर्यंत सोडलं होतं. त्या विश्वासानं मागं बसायच्या, 'बाई किती हळू चालवत्यात' म्हणायच्या. आणि माझा पाय खाली काय करत होता ते मलाच ठाऊक नव्हतं. बस उलटवणाऱ्या ड्रायव्हरची बातमी वाचताना आपण जसे शब्द वापरतो, ते सगळे मी स्वतःला वापरून झाले.

पिंपळीहून फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. वर्गातली सगळ्यांत थोरली बाई होती. फोन ती सुनेकडून लावून घ्यायची.

"गाडीचा पार्ट यायचाय," मी म्हणाले. "आज-उद्या येईल. आला की येतेच."

"बरं बाई. आमी हाय," ती म्हणाली.

पायाचं सांगायचं धाडस झालं नाही. भाऊ नेऊन सोडतो म्हणाला होता, पण त्यानं दारापर्यंत आणून उतरवायचं आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बिडी ओढत बसायचं, आणि बायकांनी 'बाई, गाडी का न्हाय चालवत?' विचारायचं, हे चित्र मला सहन होईना. त्यापेक्षा पार्ट बरा. पार्टला कुणी हसत नाही. दोन रविवार गेले, आणखी गेले. रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम मागच्या दारी बसायचे, म्हणजे झाकून ठेवलेली गाडी दिसायला नको.

एके दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी किल्ली घेतली आणि कव्हर काढून गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू केलं नाही. डावा पाय उचलून जागेवर ठेवला, डोळे मिटले, मनात पिंपळीचा रस्ता चालवला, सगळी वळणं घेतली आणि डोळे उघडून बघितलं. पाय होता तिथंच होता. पण परीक्षा देणारी मीच आणि पेपर तपासणारीही मीच. असले मार्क मी शाळेत कधी धरले नाहीत. भावजय कोपऱ्यावरून येताना दिसली तशी मी चोरासारखी खाली उतरले, आणि घाईत पडता पडता राहिले. तिनं बघितलं आणि मान खाली घालून आत गेली. तेच जास्त लागलं.

त्या रात्री मी भावाला म्हणाले, "एकदा तू शेजारी बस आणि माझ्या पायावर नजर ठेव. मला गाडी परत नको. पण पाय जातो का नाही, ते तुझ्या डोळ्यांनी बघून मला सांग. खोटी समजूत घालायची नाही."

निरवांगीला आमच्या चुलत बहिणीकडं साखरपुडा होता, त्या दिवशी जायचं ठरलं. दारात गाडी उभी करून मी बसले, आणि ऐनवेळी माझीच हिंमत खचली. म्हटलं, नुसती नजर नको, बांधच. भावजयीनं जुनी ओढणी आणून दिली. माझा भाऊ, आता त्याचंही वय झालेलं, दार उघडून मातीत गुडघ्यावर बसला आणि माझा पाय सीटच्या खालच्या लोखंडी पट्टीला बांधायला लागला. वासरू दाव्याला बांधताना मारतो तसली गाठ त्यानं मारली. "आवळत न्हाय न्हवं?" त्यानं सवयीनं विचारलं आणि मग त्याच्याच लक्षात आलं की मला ते कळणार नाही. त्यानं बोट घालून गाठ सैल केली. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली. भाऊ सगळ्या वाटेनं वाकून माझ्या पायाकडं बघत राहिला, त्याची मान अवघडली. निरवांगीत मी गाडीतून उतरायच्या आधी त्यानं ओढणी सोडून खिशात कोंबली, कुणाला दिसू नये म्हणून. साखरपुड्यात लोक विचारत होते, 'बाई, तुमीच चालवत आला का?' आणि मी पेढा तोंडात धरून नुसती मान हलवत होते. एरवी मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली असती.

निघता निघता दिवस मावळला. भावानं पुन्हा पाय बांधला. मी दिवे लावले, निघालो, आणि गाव मागं पडतंय तोच इंजिन ओरडायला लागलं.

"बघ," मी म्हणाले, "बघ लवकर, कुठं आहे पाय?"

त्यानं मोबाइलचा उजेड खाली धरला. "हाय तितंच हाय."

"नीट बघ. ब्रेकला टेकलाय का?"

"आगं येवढा बांधलाय, कुठं जातोय? वीतभर लांब हाय ब्रेक. हाललाबी न्हाय."

गाडी हिसके देत होती, ओढत नव्हती. मी कडेला घेतली, गिअर पार्कवर टाकला आणि उजवा पायही उचलून घेतला. भाऊ उतरून मागं गेला. मला आरशात त्याचं तोंड दिसत होतं, लाल आणि निळ्या उजेडात.

"आक्का, ब्रेक सोड," तो मागून ओरडला.

"सोडलाय मी."

"मग ह्यो वरचा दिवा का जळतुया?"

"मला काय माहीत? दोन्ही पाय माझ्याजवळ आहेत!"

तो काचेजवळ वाकला. शेतकरी माणूस, मोटारीच्या स्टार्टरपासून फवाऱ्याच्या पंपापर्यंत सगळं खोलून बघायची सवय. म्हणाला, "दिवं बंद कर." मी केले. वरचा दिवाही विझला. "लाव." लावले. वरचा लागला. त्यानं मला तीन-चारदा ते करायला लावलं, मग येऊन शेजारी बसला आणि वाकून माझ्या पायाची ओढणी सोडली. घर यायला अजून बराच रस्ता होता. गाठ त्याच्याच हातची होती तरी त्याला ती लवकर सुटेना.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्या विद्यार्थ्यानं मला गाडीतून उतरायला सांगितलं. भावाला आणि भाच्यालाही बाजूला उभं केलं. रिकाम्या गाडीत स्कॅनरची पिन खोचली आणि पडदा आमच्याकडं वळवून धरला. ब्रेक: मोकळा. मग बाहेरूनच हात घालून त्यानं दिवे लावले. पडद्यावरचा शब्द बदलला. ब्रेक: दाबलेला. गाडीत कुणी नव्हतं. मी माझ्या दोन्ही पायांवर फरशीवर उभी होते.

कारण मागच्या काचेत होतं. जयंतीच्या मिरवणुकीला यंदा माझी गाडी सगळ्यांत पुढं होती, तसबिरीची. काचेला आतून निळ्या दिव्यांची पट्टी लावून घेतली होती. एरवी मंद आणि ब्रेक दाबला की लख्ख दिसावी म्हणून लाइटिंगवाल्यानं तिची वायर मागच्या दिव्यांनाही जोडली आणि ब्रेकच्या दिव्यालाही. त्यामुळं दिवे लावले की त्यांची वीज उलटी त्या पट्टीतून ब्रेकच्या वायरीत शिरायची. मिरवणूक झाल्यावर बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांची सजावट उतरवली. माझी मी राहू दिली. आजारपणात ज्यांनी 'बाई आता काय उठत नाहीत' म्हटलं होतं, त्यांच्या दारावरून मी त्या दिवशी गाडी चालवत गेले होते, आणि ती पट्टी मला त्याची आठवण वाटायची. उन्हाळ्यात मी उजेडीच घरी पोचायचे, दिवे लावायची वेळ यायची नाही. दिवाळीनंतर दिवस लहान झाले.

"चूक माझी हाय बाई," माझा विद्यार्थी म्हणाला. "त्या तिसऱ्या कोडचं मी नुसतं ब्रेक येवढंच वाचलं. पेडलपाशी दोन स्विच असत्यात. तुमचा पाय ब्रेकवर असता तर दोन्ही एकच बोलले असते. कोड सांगत व्हता की दोघांचं जुळत न्हाय. एक म्हणतोय पाय हाय, एक म्हणतोय न्हाय. मी तुमचा पाय बघितला आणि पुढचं वाचायचंच सोडलं."

तो नमस्कार करायला वाकला. उजव्या पायाला हात लावला आणि डाव्यापाशी त्याचा हात थबकला. मग तिथंही लावला. मी त्याला रागवायला हवं होतं. पण मला त्याचा राग येत नव्हता. त्यानं निदान दोन कोड पूर्ण वाचले होते. मी तर एकही वाचायला मागितला नव्हता. आयुष्यभर पोरांना सांगत आले की प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

परतताना मी चालवत होते. पिंपळी मागं पडल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, येक इचारू? मशीन बोललं म्हणून आमी बोललो. पण तू का व्हय म्हणालीस?"

खरं उत्तर असं होतं की आजारपणानंतर घरात दूध उतू गेलं, फाटक उघडं राहिलं, काही म्हणजे काही बिनसलं की मी आधी स्वतःवरच घेते. कुणी बोट दाखवायच्या आधी आपणच दाखवलं की कमी लागतं. पण हे भावाला सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि मला गाडी चालवायची होती. मी म्हणाले, "समोर ट्रॉली आहे, बोलू नकोस."

त्याच रविवारी मी पिंपळीला गेले. एकटी. फोन न करता गेले, म्हटलं चकित करू. वेळेच्या थोडं आधी पोचले आणि विहाराचं दार उघडं दिसलं. आत सगळ्या जणी बसलेल्या होत्या. पुस्तकं पुढ्यात, फळा पुसलेला, खडू काढून ठेवलेला.

"आज कसं कळलं तुम्हाला?" मी दारातूनच विचारलं.

थोरली बाई माझ्याकडं बघायला लागली. "काय कळायचंय बाई? आमी दर ऐतवारी येतोय की. तुमी म्हणाला व्हता पार्ट आज-उद्या येईल. तुमी यायच्या आन् हितं कुलूप असायचं, बरं दिसलं असतं का?"

"दर रविवारी?"

"व्हय. बसायचो अंधार पडूस्तवर. मग जायचो."

"अहो, मग एक फोन तरी करायचा मला."

"करावा वाटायचा. पर म्हटलं, बाईंची गाडी मोडलीया, त्यात आपली घाई कशाला. आधीच तुमाला लाज वाटत आसंल."

कशाची, ते ती बोलली नाही. मला यायला इतका उशीर झाल्याची, असं तिला म्हणायचं असेल. गॅरेजमध्ये खुर्चीवर बसले होते तेव्हा, ओढणीनं पाय बांधून घेतला तेव्हा, मला वाटलं होतं की लाजेचा तळ लागला. तो तिथं नव्हता. मी मागच्या दारी तोंड लपवून बसले होते त्या प्रत्येक संध्याकाळी, दिवसभर खुरपून आलेल्या या बायका हातपाय धुऊन, लुगडं बदलून इथं येऊन बसल्या होत्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत होत्या.

"पार्ट नव्हताच," मी म्हणाले. "मी खोटं बोलले तुमच्याशी." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, पायाचं, ओढणीचं, दिव्यांचं. कुणी हसलं नाही, कुणी चुकचुकलंही नाही.

सगळं ऐकून झाल्यावर थोरली बाई सरकली आणि तिनं भिंतीजवळची खुर्ची माझ्यासाठी पुढं ओढली. "बरं, बसा आता," ती म्हणाली. "तुमी गेल्या टायमाला अर्धा ठिवलेला त्यो धडा आमी आमचा आमी वाचलाय. तुमाला म्हणून दावायचा ऱ्हायलाय."